वरच्या फळीचा घोडा

मी एक जुना घोडा आहे. थांबा मित्रांनो, लगेच गवताची पेंडी घेऊन धावू नका! मी लाकडाचा आहे. उंचावरच्या वस्तू काढायला ज्याच्यावर चढतात, त्या पायऱ्यांच्या स्टुलाला घोडा म्हणतात, तो मी. मला चार पाय आहेत, दोन पायऱ्या आहेत आणि वर बसण्याजोगी एक फळी आहे. शेपूट नाही. लगामही नाही, आणि तो घालायचे प्रयत्न पुष्कळांनी करून पाहिले आहेत.

एका शाळेचा जुना दरवाजा मोडीत निघाला, त्याच्या लाकडातून माझा जन्म झाला. सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं, पण दरवाजाची सवय काही गेली नाही. तो उघडताना कुरकुरायचा, तसा मी कुणी चढलं की कुरकुरतो. सुताराने तेल घातलं, जास्तीचा खिळा ठोकला आणि शेवटी हात टेकले. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," असं म्हणून त्याने हत्यारं गुंडाळली. आता तुम्हीच बघा, दरवाजा बिचारा केव्हाच मेला होता, तरी खोड राहिलीच की!

तिथून माझी रवानगी एका ग्रंथालयाच्या बालविभागात झाली. लांबट खोली, बुटकी टेबलं, त्याहून बुटक्या खुर्च्या, आणि भिंतभर पुस्तकांची मांडणी. खालच्या फळ्यांवर प्राणी, पऱ्या आणि गमतीजमती, मधल्या फळ्यांवर धाडसाच्या गोष्टी. अगदी वरच्या फळीवर मात्र अशी पुस्तकं होती, की ज्यांच्याबद्दल मोठी माणसं आवाज खाली घेऊन बोलत. माणसांनी माणसांना विकलं, घराबाहेर काढलं, उपाशी मारलं, त्या खऱ्या गोष्टी तिथे होत्या. मुलांसाठीच लिहिलेल्या, पण मुलांच्या हातापासून लांब ठेवलेल्या.

त्या वेळचे ग्रंथपाल जाड भिंगांचा चष्मा लावत, म्हणून मुलं त्यांना भिंगकाका म्हणत. कोणत्या मुलाला वरचं पुस्तक द्यायचं आणि कोणाला नाही, हा प्रश्न त्यांना फार छळायचा. मग त्यांनी एक शोध लावला. माझ्यावर चढून ज्याचा हात वरच्या फळीला पोचेल, तो तयार! कटकट मिटली. पाहुणे आले की भिंगकाका माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, "हा आमचा परीक्षक." ते ऐकून मीही फुगायचो. लाकूड पावसाळ्यात फुगतं मित्रांनो, पण कौतुकाने ते बारा महिने फुगतं.

आता या शोधात घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगतो. पहिलीतला एक मुलगा होता, ताडमाड वाढलेला. सगळे त्याला शिडी म्हणत. त्याने एका पुस्तकावर जहाजाचं चित्र पाहिलं आणि ते खेचून काढलं. साखळ्यांनी बांधलेली माणसं विकायला नेणारं जहाज होतं ते. त्याने पुस्तक नेमकं मधूनच उघडलं. शेजारी कुणी नव्हतं, विचारावं असं कुणी नव्हतं. त्यानंतर तो बरेच दिवस ग्रंथालयाकडे फिरकलाच नाही. आणि त्याची मोठी बहीण, जी कधीपासून त्या जहाजांबद्दल सगळ्यांना विचारत होती, ती बिचारी बुटकी. टाचा उंचावून उंचावून दमली, तरी तिचा हात काही पोचला नाही.

शिडीची आई तरातरा आली. "एवढ्याशा पोराच्या हातात हे देता?"

"त्याचा हात पोचला," भिंगकाका म्हणाले.

"हात काय, चुलीतल्या निखाऱ्यापर्यंतही पोचतो!"

बाईचं म्हणणं अगदी खरं होतं. पण भिंगकाकांनी नियम बदलला नाही, मलाच हटवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी! केरसुण्या, मोडका पंखा आणि फाटके नकाशे ठेवलेल्या अडगळीच्या खोलीत मला ढकललं आणि बाहेरून कडी लावली. मुलांनी विचारलं, तर "घोडा धोकादायक आहे," असं सांगितलं.

मी धोकादायक? मित्रांनो, माझ्यावरून आजवर एकही मूल पडलेलं नाही. तिथल्या अंधारात कोळ्यांनी माझ्या पायांत जाळी विणली, झुरळांनी संसार थाटले. मला वाईट वाटलं, रागही आला, पण मुलांना उंच केल्याचा पश्चात्ताप एक दिवसही झाला नाही. उंच करणं हे माझं काम आहे. वर गेलेल्या मुलाशेजारी उभं राहणं हे कुणाचं काम होतं, ते बालविभागात कुणी विचारलंच नाही.

पुढे भिंगकाका निवृत्त झाले आणि नव्या ग्रंथपाल बाई आल्या. केसांत पेन्सिल खोचून दिवसभर तीच पेन्सिल शोधणाऱ्या. छताची जळमटं काढायला त्यांना उंच काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं. पुसलं, हलवून पाहिलं, म्हणाल्या, "अरे, हा तर चांगला दणकट आहे!" आणि मी पुन्हा माझ्या जागी उभा राहिलो. मात्र वरच्या फळीवर आता एक चिठ्ठी चिकटली होती: फक्त दहा वर्षांवरील मुलांसाठी. पूर्वी उंची मोजायचे, आता वाढदिवस मोजू लागले. मी मनात म्हटलं, नाव बदललं, पण गाडं जुन्याच चाकोरीत.

आणि मग मुंगी आली. सात वर्षांची, अंगाने एवढीशी, पण एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटायची नाही, म्हणून मुंगी. तिचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केलं की ते तिला न्यायला यायचे, आणि तोवर ती बालविभागात बसायची. तिचा डोळा वरच्या फळीवरच्या एका पुस्तकावर होता. एका हिवाळ्यात याच शहरातल्या काही गल्ल्यांमधल्या माणसांना सकाळी दारं वाजवून घराबाहेर काढलं होतं आणि पुन्हा परत येऊ दिलं नव्हतं, त्याची हकीकत त्या पुस्तकात होती. वरच्या वर्गातल्या एका मुलीने मुंगीला सांगितलं होतं, "त्यात तुझ्या आजोबांच्या जुन्या गल्लीचं नाव आहे."

एका संध्याकाळी बाई पाठमोऱ्या आहेत असं पाहून मुंगी माझ्यावर चढली. हात पोचेना, म्हणून खाली उतरून तिने एक जाडजूड शब्दकोश आणला, माझ्यावर ठेवला आणि त्यावर चढली. मी कुरकुरलो.

"शू! ओरडू नकोस रे," ती माझ्या कानाशी, म्हणजे फळीशी, कुजबुजली.

मला गप्प राहता आलं असतं. पण मी मुद्दाम जोरात कुरकुरलो. कारण ते पुस्तक चोरून, कोपऱ्यात, शिडीसारखं एकटीने वाचण्याचं नव्हतं. तिने ते सगळ्यांदेखत मागावं, असं मला वाटत होतं.

बाई वळल्या. "मुंगे, उतर खाली! तुला अजून तीन वर्षं थांबायचंय."

"उतरते. पण पुस्तक द्या."

"मोठी झालीस की देईन."

"आजोबाही हेच म्हणतात. मोठी म्हणजे केवढी, ते कुणीच सांगत नाही."

आजोबा केव्हाचे दारात येऊन उभे होते. बारीक टिकटिक ऐकून जन्म काढलेला माणूस, त्यांच्या कानांनी सगळं टिपलं होतं. त्यांनी वरच्या पुस्तकाकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली घेतली.

"बाई, मी हिच्याएवढा होतो तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, तू तयार आहेस का म्हणून. आता विचारणारं कुणीतरी आहे, तर मी सांगतो. नाही. ती तयार नाही. पोर आहे, अजून थोडे दिवस पोरच राहू द्या तिला."

लाकूड असूनही मला ते लागलं. त्या माणसाचं चुकलं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? बाईंनाही ते पटलं असावं, त्यांनी मान हलवली. सगळं तिथेच संपत होतं.

मुंगी माझ्यावरून उतरली आणि म्हणाली, "मग माझा स्वेटर पिशवीत का आहे?"

मग ती बाईंकडे वळली. "आमच्या दारामागे खुंटीला एक पिशवी असते. टॉर्च, काडेपेटी, औषधं, आजोबांचे मोजे. आणि माझा नवा स्वेटर. मी वाढले की आजोबा तो काढतात आणि त्याहून मोठा ठेवतात. घालायला मागितला तर देत नाहीत. म्हणतात, असू दे, लागेल कधी. मला पुस्तकाची भीती नाही वाटत बाई. पिशवीची वाटते."

मित्रांनो, मी खरा घोडा असतो तर त्या क्षणी खिंकाळलो असतो! पोरगी पळायला तयार हवी म्हणून दरवर्षी तिचं माप घेत होते, आणि वाचायला मात्र ती लहान! आपण कशापासून पळायचं, हे न सांगता तिला पिशवीशेजारी झोपवत होते. इतिहास तर तिच्या घरात केव्हाच शिरला होता आणि दारामागे टांगलेला होता. तो फक्त तिला कुणी वाचून दाखवला नव्हता.

बाईंनी केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. मग मुंगीसमोर बसून त्यांनी विचारलं, "पुस्तक उघडलंस आणि भीती वाटली, तर काय करशील?"

"मिटीन."

"आणि मग?"

"शेजारी कोण बसलंय ते बघीन."

"शेजारी कुणी नसलं तर?"

मुंगीने जरा विचार केला. "मग उघडणारच नाही."

उंची मोजणाऱ्यांना आणि वाढदिवस मोजणाऱ्यांना जे इतकी वर्षं सुचलं नव्हतं, ते त्या एवढ्याशा मुलीने सांगून टाकलं. बाई उठल्या, त्यांनी स्वतः पुस्तक काढलं, पण मुंगीच्या हातात दिलं नाही. आजोबांसमोर धरलं. "नको असेल तर परत ठेवते. घरचं तुम्ही जाणता. पण ही आज ना उद्या शब्दकोश रचून चढणारच, तेव्हा शेजारी कोण असेल?"

आजोबांनी हात पुढे केला, मागे घेतला. शेवटी त्यांनी पुस्तक घेतलं आणि बसायला जागा शोधली. आमच्या खुर्च्या कसल्या, बोटभर उंचीच्या! त्यांत त्यांचे गुडघे मावेनात. म्हणून बाईंनी मला पुढे ओढलं. आजवर सगळे माझ्यावर चढले होते, बसलं कुणीच नव्हतं. आजोबा बसले, मुंगी त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसली, आणि मित्रांनो, मी अजिबात कुरकुरलो नाही.

त्यांनी पहिलंच चित्राचं पान उघडलं. गाठोडी घेऊन चालणारी माणसं होती, त्यांत पातळ सदऱ्यातला एक मुलगा होता. आजोबा म्हणाले, "थंडी होती फार. स्वेटर घ्यायला वेळच दिला नाही त्यांनी." एवढंच बोलले. मग पुस्तक मिटलं. मुंगीने नव्हे, आजोबांनी.

मुंगीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चालेल आजोबा. तुम्ही तयार झालात की सांगा."

मोठी माणसं हसतात आणि रडतात ते एकाच वेळी कसं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतर ती दोघं येत राहिली. कधी एक पान व्हायचं, कधी अर्धं. कधी मुंगीच पुस्तक मिटायची आणि नाक ओढत बसायची. कधी तिला चक्क कंटाळा यायचा, "आज हत्तीचं वाचू या," म्हणायची, आणि आजोबांनाच हायसं वाटायचं. पोर पोरच राहिली होती. वाचल्याने तिचं बालपण कुठे पळून गेलं नाही, उलट ती पिशवीबद्दल भराभर विचारू लागली आणि आजोबा अडखळत का होईना, सांगू लागले.

मग गारठ्याचे दिवस आले. एका संध्याकाळी मुंगी नवा कोरा स्वेटर घालून आली. बाह्या लांब होत्या, दुमडलेल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर सुटला.

"कुठून आणलास गं?" बाईंनी विचारलं.

"पिशवीतला आहे," मुंगी म्हणाली.

आजोबा भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे की नाही ते पाहत होते. तिकडेच बघत म्हणाले, "बाहेर थंडी आहे ना, म्हणून."

मित्रांनो, आता पुन्हा माझ्यावर गदा आली आहे. वरच्या फळीला काचेची दारं लावायची, कुलूप घालायचं आणि मला मोडीत काढायचं, असं मोठ्या माणसांच्या बैठकीत चाललं आहे. चालू द्या. मी एकदा मोडीतूनच आलो आहे, मला त्याचं भय नाही. तोवर आपलं घोडं मी पुढे दामटणारच! खरी गोष्ट मुलांपासून लपत नाही. ती दारामागे लटकत राहते, आणि मुलांना दारं उघडता येतात.

म्हणून माझी विनंती फार मोठी नाही. मला फेकू नका, पुसून कोरडा ठेवा आणि त्या फळीखालीच उभा करा. तुमच्या घरी कुणी विचारलं, "हे मूल अशा पुस्तकाला तयार आहे का?" तर त्यांना उलट विचारा, "तुम्ही शेजारी बसायला तयार आहात का?" जागा नाही ही सबब सांगू नका म्हणावं. मी आहे. बसा, मी कुरकुरणार नाही.