मामांची कंबर

नवरा-बायकोला भांडायला काहीही पुरतं. सर आणि मॅडम यांच्या भांडणाचं कारण मात्र कॉलेजात, शरीरशास्त्राच्या वर्गात, दाराशेजारी हुकाला टांगलेलं होतं.

तो खऱ्या हाडांचा सापळा होता आणि त्याला सगळे मामा म्हणत. परीक्षेला जाताना पोरं त्यांच्याशी हस्तांदोलन करत, कुणी त्यांच्या दातांत सिगरेट खोचून ठेवी. मॅडम त्या कॉलेजात शिकत होत्या तेव्हा तोंडी परीक्षेला सर समोर बसले होते. नवी नोकरी, नवी मिशी, आणि रुबाब तर विचारूच नका.

"हा सापळा पुरुषाचा की बाईचा?" सरांनी विचारलं.

मॅडमनी कमरेच्या हाडांवर एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "बाईचा."

"कवटी पाहिलीत का? भुवयांवरचा हा उंचवटा, कानामागचं हे जाडजूड हाड?"

"तुम्ही कंबर पाहिलीत का, सर?"

झालं. नापास.

सहा महिन्यांनी त्या पुन्हा बसल्या, मनातल्या मनात दातओठ खात "पुरुषाचा" म्हणाल्या आणि पास झाल्या. पुढे लग्न केलं ते याच सरांशी. मैत्रिणींनी कपाळावर हात मारून घेतला. सूड उगवायचा तर माणूस हाताशी असलेला बरा, असं मॅडमचं म्हणणं पडलं.

सर तिथेच शिकवत राहिले आणि दरवर्षी नव्या पोरांना मामांचा पुरुषी उंचवटा दाखवत राहिले. मॅडम पोलिसांच्या प्रयोगशाळेत लागल्या. कुठे पाया खणताना, कुठे विहीर उपसताना हाडं निघाली की पोलीस ती पोत्यात भरून त्यांच्याकडे आणत. बाई की पुरुष, वय काय, हे मॅडम सांगत आणि त्यांच्या शब्दाला कोर्टात मान होता. घरात तो नव्हता. सर म्हणत, "भाजीत मीठ कमी आहे." मॅडम म्हणत, "ज्याला कंबर कळत नाही त्याला मीठ काय कळणार?" दुसऱ्या कुठल्याही विषयावर वाद निघाला तरी दोन वाक्यांत तो मामांवर येई. मुलगी लहानपणी खरंच समजत होती की हा आईचा कुणी वाया गेलेला भाऊ आहे.

अशी तीस वर्षं गेली. सर निवृत्तीला आले आणि मॅडमना घाई झाली. सरांनी एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या तोंडाने म्हणावं की तुझं बरोबर होतं, एवढीच त्यांची इच्छा होती. कॉलेज सोडल्यावर हा माणूस कसला कबूल होतोय!

पण नशीब कधीकधी पेटीत भरून येतं. कॉलेजने प्लॅस्टिकचा सापळा घेतला. मामांची कागदपत्रं कुणाकडेच नव्हती, म्हणून प्राचार्य घाबरले आणि वय-लिंगाचा रीतसर अहवाल मिळावा म्हणून त्यांनी मामांना थेट प्रयोगशाळेत धाडलं. मॅडमच्याच टेबलावर. नियमाने मॅडमनी हे काम दुसऱ्याकडे सोपवायला हवं होतं. नियमाने माणसाने बरंच काही करायला हवं असतं.

त्यांनी दार लोटून घेतलं आणि नेहमीप्रमाणे कमरेपासून सुरुवात केली. रुंद खाच, पुढचा कोन ऐसपैस. बाई! शंकाच नको. मॅडम चक्क गुणगुणायला लागल्या. मग वय. गळ्याच्या हाडाचं आतलं टोक अजून पुरतं जुळलेलं नव्हतं. म्हणजे पंचविशीच्या आतबाहेरची पोरगी. शेवटी त्यांनी कवटी हातात घेतली आणि गुणगुणणं थांबलं.

दात झिजून सपाट झालेले. कवटीचे सांधे जवळजवळ बुजलेले. भुवयांवर तो सरांचा लाडका उंचवटा, आणि खरं सांगायचं तर होताही तो दणदणीत. मॅडमनी कवटी आणि मानेच्या मधली स्प्रिंग काढली, कवटी पहिल्या मणक्यावर टेकवली. ती भलत्याच डब्याच्या झाकणासारखी डुगडुगली.

कुणा विक्रेत्याने दोन माणसांतून एक मामा तयार केले होते. डोकं एका म्हाताऱ्या होत चाललेल्या पुरुषाचं, बाकी सगळं एका तरुण मुलीचं, आणि मधला न जुळणारा सांधा स्प्रिंगने झाकलेला. सगळी हाडं एकाच माणसाची आहेत का हे आधी बघायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. मॅडमनी तो कित्येकांना शिकवला होता. पण सरांनी आयुष्यभर मामांना मानेच्या वर पाहिलं, मॅडमनी कमरेला, आणि मानेकडे दोघांनीही ढुंकून पाहिलं नाही.

तेवढ्यात दार वाजलं. सर होते. मॅडमनी पटकन कवटीवर फडकं टाकलं. का टाकलं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

सर स्टुलावर बसले. उद्यापासून त्यांना कुठेच जायचं नव्हतं आणि ते आजच त्यांच्या खांद्यांवर दिसत होतं.

"मीच भरलं मामांना पेटीत," ते म्हणाले. "कंबर हातात घेतली, नीट."

"तीस वर्षांत पहिल्यांदा?"

"पहिल्यांदा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझं बरोबर होतं गं. मी उगाच नापास केलं तुला. चुकलो."

या क्षणासाठी मॅडमनी एक अख्खं भाषण तयार ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. त्यांना आनंद झाला, नाही असं नाही. पण तो घोटभर चहाइतकाच टिकला. समोर बसलेला माणूस भांडण संपवून आला होता. उद्या भाजीत मीठ कमी पडलं तर हा मुकाट्याने जेवेल, परवाही मुकाट्याने जेवेल. त्या घराची त्यांना भीती वाटली, अगदी खरी भीती.

त्यांनी फडकं ओढलं आणि कवटी मणक्यावर ठेवली. ती डुगडुगली. सर वाकले, दात पाहिले, सांधे पाहिले, ताडकन उभे राहिले.

"म्हणजे मी बरोबर होतो!"

"अर्धे."

"मी कवटी दाखवली होती!"

"विचारलं होतं सापळ्याबद्दल."

"मग तुझं उत्तरही चूकच की! नापास केलं ते योग्यच केलं."

"अर्धं योग्य. अर्धंच नापास करायचं होतं."

सर हसले. मग टेबलावरच्या त्या बारीक हाडांकडे बघत म्हणाले, "एवढीशी पोरगी, आणि आपण तिला मामा म्हणत राहिलो. हिचं डोकं कुठे असेल गं?"

"आणि याचं धड?"

दोघांनाही वाईट वाटलं. मॅडमनी दोन पेट्या काढल्या. सरांनी मुलीची हाडं एकेक करून, पुसून पहिल्या पेटीत ठेवली. कवटी दुसऱ्या पेटीत ठेवताना ती त्यांनी पुन्हा एकदा उजेडात धरली.

"पन्नास," ते म्हणाले.

"साठ. दात बघा."

"दातांचं काय सांगतेस! जात्याची कच असलेलं पीठ खाल्लं की चाळिशीतच झिजतात."

"आणि सांधे?"

"सांध्यांवर कुणी विश्वास ठेवतं का?"

"ज्याला कंबर कळत नाही—"

"कवटी कळली ना!"

संध्याकाळी मॅडमनी दोन्ही अहवाल लिहिले. कवटीच्या वयाची जागा तेवढी रिकामी राहिली. बसस्टॉपपर्यंत वाद चालू होता, बसमध्येही. घराच्या जिन्यात सरांना धाप लागली. कठड्याला धरून ते म्हणाले, "बरं, जाऊ दे. पंचावन्न लिहून टाक."

मॅडमनी वळून पाहिलं.

"खबरदार," त्या म्हणाल्या.