वर्गाच्या खिडकीवरची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. अल्जेरियातल्या जुरजुराच्या डोंगरातली, काळ्या लोकरीची, अंगाला टोचणारी. टोचते हे मीच सांगून टाकते, कारण माझ्याबद्दल पहिली तक्रार तीच असते.

मला विणले नना मल्हाने. आमच्याकडे वयस्कर बाईला मानाने नना म्हणतात. एका हिवाळ्यात तिने घरातला उभा माग लावला. संध्याकाळी विणता विणता ती नातीला, झुइनाला, गोष्टी सांगत असे, आणि त्या मीही ऐकत असे. आमच्या डोंगरात गोष्ट दिवेलागणीनंतरच सांगतात. दिवसा सांगितली तर ऐकणाऱ्या पोरांना टक्कल पडते. याबद्दल गावात कोणाचे दुमत नाही.

झुइना अल्जिअर्सला विद्यापीठात शिकायला निघाली, तेव्हा सुक्या अंजिरांच्या पिशवीबरोबर मीही गेले. आमची भाषा तमाझिग्त. बाहेरचे तिला बर्बर म्हणतात. विद्यापीठात या भाषेला कोणी विचारत नव्हते. चुलीपुढे बोलायची भाषा, तिच्यात शिकण्यासारखे काय आहे, असे मोठमोठी माणसे म्हणत. एक मेझियान सर तेवढे जिन्याखालच्या खोलीत तिचा तास घेत. वेळापत्रकात त्या तासाचे नाव नाही, परीक्षा नाही, पदवी तर नाहीच. तरी मुले दाटीवाटीने बसत. खोली गार, म्हणून झुइना मला खांद्यावर घेऊन जाई. आईची भाषा फळ्यावर खडूने लिहिलेली तिने पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तिला रडू आले. डोळे पुसले ते माझ्याच काठाला.

पुढे नना मल्हा डोळे दाखवायला शहरात आली. सरांनी तिला वर्गात गोष्ट सांगायला बोलावले. सकाळची वेळ होती. ती खुर्चीला हात लावेना, जमिनीवरच ऐसपैस बसली. कोण कुठल्या गावचा, कोणाचे ऑलिव्ह यंदा कसे आले, सगळी चौकशी झाली. गोष्टीचे नाव काढले की मात्र तोंड मिटे.

“दिवसाढवळ्या? आणि या पोरांची डोकी?” ती म्हणाली.

मेझियान सरांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. “माझी काळजी नको, नना. मी आधीच दिवसा ऐकून बसलोय.”

वर्ग हसला, ननाही हसली, पण सांगेना. मग झुइना उठली आणि तिने मला खोलीच्या एकुलत्या एका खिडकीवर टांगले. काळोख झाला. ननाने मला चाचपून पाहिले. आपल्याच हातची आहे म्हणाली, आणि गोष्ट सुरू झाली. त्या दिवसाइतका मान मला पुन्हा मिळाला नाही.

एका राक्षसिणीने गावाचा झरा चोरून मडक्यात कोंडला होता. तो परत आणायला एक लहान मुलगी डोंगर चढून गेली. तिने दार वाजवले. आतून राक्षसिणीने विचारले, “कोण आहे?”

नेमके तेव्हाच वर्गाचे दार वाजले. सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. शिपाई होता, खोली पुढच्या तासाला हवी होती. नना गुडघ्यांवर हात टेकून उठली. उरलेली गोष्ट पुढच्या खेपेला, इथेच, असे सांगून गेली.

पुढची खेप आली नाही. सुट्टीनंतर खोलीला कुलूप होते. वरून हुकूम आला होता. कारण कोणी सांगितले नाही. सरांनी साहेबांचे उंबरठे झिजवले, उपयोग झाला नाही.

झुइनाने गावी येऊन ननाची किती मनधरणी केली. पण नना हट्टाला पेटली होती. “ती गोष्ट वर्गाची आहे. वर्ग उघडू दे, मग सांगीन.” झुइना घरी आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “उघडला का गं?” शेवटच्या आजारात मी तिच्या पायांवर होते. निदान मला तरी सांगेल, अशी फार आशा होती. ती तशीच गेली.

मग माझी घडी पेटीत गेली. बाहेर आमच्या भाषेसाठी तरुण रस्त्यावर उतरले, तुरुंगात गेले. ते मी झाकणाआडून ऐकले. मला कसर लागली. रोज पांघरत होते तोवर एकही भोक नव्हते.

एकोणीसशे नव्वद साली आमच्या डोंगराजवळच्या तिझी-उझू शहरात, तिथल्या विद्यापीठात आमच्या भाषेचा विभाग उघडला. दारावर पाटी, वेळापत्रकात तास! झुइना तिथे शिकवू लागली आणि एके दिवशी मला पिशवीत घालून घेऊन गेली. तिने मुलांना ननाची हकिगत सांगितली, त्या गोष्टीचा सारांशही सांगितला. “कोण आहे?” यापाशी ती थांबली. मुलीने काय उत्तर दिले ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणाली.

मागच्या बाकावरून फरूजा नावाची मुलगी उठली. “मॅडम, ही गोष्ट आमच्या गावात पण आहे. पुढचं मला येतं.”

झुइनाच्या हातातला खडू खाली पडला. “मग सांग ना, बाळ.”

फरूजाने खिडक्यांकडे पाहिले. “आत्ता? दिवसा?”

झुइनाने मला पिशवीतून बाहेर काढले. खिडक्या चांगल्या मोठ्या होत्या. मी एकीलाच पुरले. उरलेल्यांवर मुलांनी आपापले कोट टांगले. माझ्या भोकांतून उजेडाचे ठिपके आत आले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

फरूजाने वर पाहिले. “चालेल,” ती म्हणाली. “चांदण्या आहेत.”

गोष्टीतल्या मुलीने राक्षसिणीला आपले नाव सांगितले. मग आईचे, आजीचे, पणजीचे. नावे संपेनात. ऐकता ऐकता राक्षसिणीला झोप लागली आणि झरा सुटला. नना मल्हाच्या गोष्टीचा शेवट हाच होता का, कोण जाणे. तिच्या आवाजातला शेवट मला कधीच मिळणार नाही.

मित्रांनो, घडी घालून ठेवलेले जे असेल ते बाहेर काढा, वापरा. घरातले म्हातारे माणूस सांगू लागले, तर तेव्हाच ऐका. आता मी त्या वर्गातच खिळ्यावर असते. दार वाजले की वाटते, नना विचारते आहे. उघडला, नना. तू मात्र थांबायला हवे होतेस.