शिक्का नसलेले तीन अर्ज

मी एक जुना फॅक्स आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी माफी मागायला आलेलो नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की 'माझे दिवस संपले हो' म्हणून गळा काढतात. मीही थोडा काढेन, वय झाले आहे. पण आधी माझ्यावर घेतलेला आळ खोडून काढेन. देशाच्या संसदेत माझा फोटो उंच धरून मला नावे ठेवली गेली आहेत. एवढा मान तुमच्या घरच्या भाताच्या कुकरला कधी मिळाला आहे का?

माझा जन्म कारखान्यातला. तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्यातून पहिला कागद काढला, उजेडाकडे धरून पाहिला आणि 'छान' म्हणून मला खोक्यात बंद केले. खोके उघडले ते तोनेसाका शहराच्या सरकारी आरोग्य केंद्रात, दुसऱ्या मजल्यावर. तेव्हापासून मी खिडकीजवळच्या त्याच टेबलावर होतो. वीस वर्षे.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. अमक्या खानावळीत शिंपले खाऊन बाराजण आजारी, तमक्या गल्लीत कुत्रा चावला, कुणा आजोबांनी डोंगरातून विषारी अळंबी आणली, अशा बातम्या माझ्या तोंडून यायच्या. क्षयाच्या रुग्णांचे कागदही यायचे. एका वादळात इंटरनेट दोन दिवस बंद पडले, पण टेलिफोनची तार शाबूत होती. सगळा जिल्हा तेव्हा माझ्यावर चालला. विभागप्रमुख हातानाका-सान ('सान' म्हणजे तुमचे राव किंवा बाई) यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. ती थाप मला अजून आठवते.

आमच्याकडच्या दोन सवयी तुम्हाला सांगायला हव्यात, कारण पुढचे सगळे रामायण त्यांच्यामुळे घडले. पहिली सवय अशी की फॅक्स पाठवल्यावर लगेच फोन करायचा. 'आत्ताच पाठवलाय, पोहोचला का? तसदी देतोय, माफ करा.' असे विचारले नाही तर माणूस उद्धट ठरतो. दुसरी सवय शिक्क्याची, माणसाचा गोल आणि कचेरीचा चौकोनी. शिक्का नाही तर कागद नाही. पन्नास फॅक्स आले-गेले की मी आपोआप एक यादी छापतो. तारीख, वेळ, कुठून, कुठे, किती पाने, पोहोचले की नाही. हातानाका-सान त्या प्रत्येक यादीवर आपला गोल लाल शिक्का उमटवत आणि फायलीत लावत. लोक हसायचे. 'हातानाका-सान एक दिवस स्वतःच्या जेवणाच्या डब्यावरही शिक्का मारतील,' असे ओगुशी-सान म्हणायच्या.

ओगुशी मिचियो म्हणजे आमच्या केंद्रातल्या सर्वात जुन्या आरोग्य परिचारिका. आवाज मोठा, पायात कायम पांढरे बूट, मिठात मुरवलेला आलुबुखारा घातलेला भाताचा गोळा उभ्यानेच खाणार. तापलेल्या बाळापासून भांडखोर म्हाताऱ्यापर्यंत कुणाच्याही दारात जायला त्या घाबरत नसत. पूर्वी अशा नऊजणी होत्या. मग वर कुणीतरी ठरवले की साथीचे दिवस आता गेले, दोन केंद्रांचे एक केले तरी चालेल. नऊच्या पाच झाल्या. त्या पाचही खुर्च्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या, म्हणून मला ठाऊक आहे. कुणी रजेवर गेले की चार.

आणि मग ती साथ आली. आपल्या प्रत्येक रुग्णाचा फॉर्म डॉक्टर हाताने लिहून मला पाठवत. डॉक्टरांचे अक्षर सगळीकडे सारखेच असते, ते मी वाचू शकत नाही, पण छापतो मात्र प्रामाणिकपणे. पाचव्या लाटेत, भर उन्हाळ्यात, एका दिवसात दोनशे बारा फॉर्म आले. माझे अंग चुलीसारखे तापले होते. एकदा माझ्यात कागद अडकला. नऊ मिनिटे! तेवढा माझा गुन्हा आहे, तो मी कबूल करतो. आणि प्रत्येक फॉर्ममागोमाग दवाखान्याचा तो सभ्य फोन. 'पोहोचला का?' दोनशे बारा फॉर्म, दोनशे बारा फोन. या शिष्टाचारात आमच्या तिन्ही लाइनी सकाळपासून अडकलेल्या असत आणि घरी तापाने फणफणणाऱ्या माणसाला फोन लागत नसे.

अशाच एका मंगळवारी हागा नावाच्या गृहस्थांचा फॉर्म आला. स्टेशनामागे त्यांचे तोफूचे दुकान होते, वय अठ्ठावन्न. ओगुशी-सान यांचा फोन त्यांना दुपारी उशिरा गेला. "मी बरा आहे हो, आधी म्हाताऱ्यांकडे बघा," असे ते म्हणाले. त्यांचा श्वास ऐकून ओगुशी-सान यांनी त्याच क्षणी खाट शोधायला सुरुवात केली. एकतीस इस्पितळे झाली. एकतिसाव्याने हो म्हटले, पण रुग्णवाहिकेतच हागा गेले.

हिवाळ्यात संसदेची आरोग्य समिती चौकशीला बसली. आमच्या केंद्रात समोरच्या कपाटावर टीव्ही आहे, त्यावर मी सगळे पाहिले. विरोधी पक्षाच्या खासदार त्सुबोउची-सान उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोठा फलक वर केला. फलकावर मी! कुणी कधी माझा फोटो काढला कोण जाणे, धूळसुद्धा दिसत होती. "जग चंद्रावर घरं बांधायला निघालंय आणि आपल्याकडे रुग्णाचा कागद या डबड्यात पडून राहतो! तोनेसाकाचे हागा यांचा जीव या यंत्रानं घेतला!" सभागृहात हशा पिकला. मला वाटले, सरकारी बाजू तरी काही बोलेल. पण तिलाही ते सोयीचे होते. जुनी यंत्रे हाच मुख्य दोष आहे, असे त्यांनी मान हलवून मान्य केले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही पक्ष माझ्या बाबतीत एक झाले. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्या डोक्यावर खापर फोडणे सर्वात स्वस्त, हे मी त्या दिवशी शिकलो.

दुसऱ्या आठवड्यात हागांच्या पत्नी सुमिए-सान केंद्रात आल्या. त्यांनी कोट काढला नाही की चहाला हात लावला नाही.

"कुठला तो फॅक्स? हा?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "माझ्या नवऱ्याचा कागद यात किती वेळ पडला होता?"

हातानाका-सान माफीसाठी कमरेत वाकले. ओगुशी-सान यांनी फाइल उघडली आणि माझ्या यादीवर बोट ठेवले.

"दहा एकेचाळीसला आला. पावणेअकराला माझ्या टेबलावर होता. मी फोन केला तीन पन्नासला. फॅक्समध्ये नव्हता हो तो. माझ्या टेबलावर होता, आणि त्याच्या आधीचे एकशे चाळीस कागद माझ्यासमोर होते."

"मग तसं सांगा ना कुणीतरी!" सुमिए-सान यांचा आवाज फाटला. "मी आठवडाभर एका यंत्रावर दात-ओठ खातेय. मला वेडी ठरवता का? मी त्या दिवशी दहादा फोन लावला. दहाही वेळा लाइन बिझी. रागवायचं कुणावर, तेवढं तरी खरं सांगा. आणि इथे माझ्या कानात नको. जिथं चुकीचं बोलले, तिथंच खरं बोला."

त्या गेल्या. मग ओगुशी-सान म्हणाल्या, "आपण माणसं मागितली होती. तीनदा. ते तरी कुठे सांगतंय कुणी?"

हातानाका-सान यांचा चेहरा उतरला. "ते बाहेर आलं तर माझी अब्रू जाईल, ओगुशी-सान. अर्जांवर केंद्राचा चौकोनी शिक्का नाहीये. केंद्राचे मोठे साहेब तेव्हा तापानं घरी, शिक्का त्यांच्या ड्रॉवरमध्ये, किल्ली त्यांच्या खिशात. मी आपला माझाच गोल शिक्का मारून मंत्रालयाला पाठवले. तीनही वेळा."

"ड्रॉवर फोडायचा होतात!"

"साहेबांचा ड्रॉवर? मी?"

"उद्या इमारतीला आग लागली तर बंबवाल्यांना शिक्का मारून बोलावणार आहात का?" असे म्हणून त्या स्वतःच हसल्या, आणि पाठोपाठ त्यांचे डोळे भरून आले. हातानाका-सान यांनी ऑगस्टची फाइल त्यांच्या हातात दिली. आयुष्यभर नियमाने वागलेल्या त्या माणसाने आपली चूक अशी आपल्या हाताने पुढे केली. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

ओगुशी-सान यांनी खासदार त्सुबोउची-सान यांना पत्र लिहिले. 'तुमच्या फलकावरचे यंत्र निर्दोष आहे. मला बोलवा.' तीन दिवसांनी खासदारांच्या कचेरीतून उत्तर आले. याद्यांची पाने तातडीने पाठवावीत, फॅक्सने पाठवली तरी चालतील. मित्रांनो, मी हसू शकत असतो तर त्या दिवशी माझे झाकण उडाले असते. ती पाने मी पाठवली. स्वच्छ पाठवली. आणि मागोमाग ओगुशी-सान यांनी फोन केला, "पोहोचली का?"

फेब्रुवारीत समितीने त्यांना बोलावले. आमच्याकडे कामे थांबली आणि सगळे टीव्हीपुढे उभे राहिले. मंत्रालयाचे संचालक करिया नावाचे होते. संसदेत कोण काय विचारणार हे अधिकाऱ्यांना आदल्या दिवशी कळते, त्यामुळे उत्तर लिहून तयार होते. ते त्यांनी वाचले, "तोनेसाका केंद्राकडून मनुष्यबळाची मागणी आल्याची नोंद आढळत नाही."

मग ओगुशी-सान उठल्या. पायात तेच पांढरे बूट.

"आधी माझं सांगते. हागांना फोन करायला मला पाच तास लागले. ते पाच तास माझे आहेत, मी ते कुणावर ढकलणार नाही. आता तुमचं. ऑगस्टची तीन, दहा आणि सतरा तारीख. आम्ही माणसं मागितली. ही यादी. तिन्हींपुढे 'पोहोचले' असं छापलंय."

सभागृहात गलका झाला. करियांच्या मागे बसलेले लोक एकमेकांना चिठ्ठ्या देऊ लागले. अखेर करिया पुन्हा उभे राहिले. "कागद आले असावेत. मात्र त्यांवर केंद्राचा विहित शिक्का नव्हता. त्यामुळे ते दाखल करून घेतले गेले नाहीत."

"शिक्क्यालाच ताप आला होता!" मागच्या बाकावरून कुणी ओरडले.

ओगुशी-सान हसल्या नाहीत. "शिक्का नव्हता, खरं आहे. मग एक फोन करायचा. आमच्याकडचे दवाखाने प्रत्येक कागदामागे फोन करतात, त्यापायी आमच्या लाइनी तुंबल्या. तुम्हाला तीन अर्जांत एक फोन नाही जमला?"

"बोलावलेल्या व्यक्तीनं प्रश्न विचारायचे नसतात," अध्यक्ष म्हणाले.

"मग हा प्रश्न नाही. तक्रार आहे. लिहून घ्या."

आणि ते लिहून घेतले गेले. त्सुबोउची-सान यांनी या वेळीही तोच फलक आणला होता. त्यांनी तो उलटा करून बाकाला टेकवला आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी मी यंत्राला दोष दिला. ते सोपं होतं म्हणून दिला." संचालकांनी आपले उत्तर चुकीचे होते असे सांगून मान खाली घातली. माझ्यासमोर हातानाका-सान रुमालाने चष्मा पुसत होते. सुमिए-सान यांनी नंतर त्या कामकाजाची छापील प्रत मागून नेली. घरी नवऱ्याच्या फोटोपुढे बसून त्यांनी ती मोठ्याने वाचली, असे त्यांनीच येऊन सांगितले. त्या दिवशी त्यांनी कोट काढला, आणि चहाही घेतला.

इथे गोष्ट संपली असती तर मीही आनंदाने निवृत्त झालो असतो. पण वसंतात मंत्रालयाचा आदेश आला. सर्व केंद्रांतले फॅक्स काढून टाकावेत, त्यांच्या जागी संगणकाचे नवे पडदे बसतील. आणि तोनेसाकाच्या चार परिचारिकांची मागणी? 'विचाराधीन.' तो आदेश मीच छापला. एकही अक्षर पुसट येऊ दिले नाही.

मला न्यायला माणूस ढकलगाडी घेऊन आला, तेव्हा ओगुशी-सान वाटेत उभ्या राहिल्या. "थांबा. याच्यातून माझा एक अर्ज जायचाय." चार परिचारिका पाहिजेत, एवढाच मजकूर होता. चौकोनी शिक्का मोठा आणि लालभडक. अर्ज गेला. त्यांनी फोनही केला. तिकडच्या माणसाने कागद मिळाल्याचे सांगितले. पुढे काय, ते मात्र सांगितले नाही.

तर मित्रांनो, आता मी तळघरात आहे, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. नवे पडदे चांगलेच असतील, मी त्यांचा द्वेष करत नाही. त्यांच्यात कागद अडकणार नाही. माझी धूळ पुसा, मला तेल घाला, असे मी तुम्हाला विनवणार नाही. मला खुशाल भंगारात घाला. पण वर दुसऱ्या मजल्यावर आजही पाचच खुर्च्या आहेत. पुढच्या साथीत त्या नव्या पडद्यावर तुमच्या आईचे नाव उजळेल, झटकन, सुंदर अक्षरात. ते वाचून फोन उचलायला तिथे कोण बसले आहे, हे आजच जाऊन विचारा. आणि उत्तरादाखल कुणी तुम्हाला नवे यंत्र दाखवू लागले, तर तिथून हलू नका.