एकशेआठातली एक

बनारसमधल्या मंगला गौरीच्या गल्लीत ढुंढिराज पाध्यांच्या थापा सगळ्यांना तोंडपाठ होत्या, तरी लोक त्या पुन्हा ऐकत. बँकेने त्याला एकदा पंधरा दिवसांसाठी कुल्लूला पाठवलं होतं. गल्लीत परतेपर्यंत त्या पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली, आणि त्या दोन वर्षांत हिमाचलाच्या थंड नद्यांतला एकही ट्राउट मासा त्याच्या गळातून सुटला नाही. एका ट्राउटने तर म्हणे त्याला गळाच्या छडीसकट ओढत पार वरच्या देवळापर्यंत नेलं. दोघांनी दर्शन घेतलं आणि आपापल्या वाटेने गेले. घराणं वैदिकांचं, म्हणून गोष्टीच्या शेवटी तो न चुकता सांगे, "मारला एकही नाही. नुसता हरवला आणि सोडला."

हे सगळं खरं धरणारा एकच निघाला, भाचा अनिमेष. त्याला पुण्यात नोकरी आणि मासे पकडून सोडायचा नाद. या चैत्रात तो छड्या घेऊनच बनारसला आला. "मामा, हिमाचलात तीर्थन नदीवर जायचं. दोघांचं लायसन काढलंय. तुम्ही शिकवायचं."

ढुंढिराजाने आधी रक्तदाब पुढे केला, मग पंचांग. पण घाटावरचा जुना दोस्त बिंदुमाधव तिथेच बसला होता. "जा की गुरू. तिथले मासे तुझी वाट बघून म्हातारे झाले."

निघताना बायकोने, प्रभावतीने, स्टीलचा डबा हातात दिला. आठ दिवस खपून तिने कागदाच्या बारीक चिठ्ठ्यांवर 'राम' लिहिलं होतं आणि एकेक चिठ्ठी कणकेत वळून सुकवली होती. अशा गोळ्या ती दर एकादशीला पंचगंगा घाटावर गंगेतल्या माशांना घाली.

"एकशेआठ आहेत," ती म्हणाली. "तिथल्या बिचाऱ्यांना कोण घालतंय? तुम्ही आपल्या हाताने घाला. फार त्रास दिलाय ना त्यांना."

नदी काचेसारखी, पाणी असं गार की पाय घातला तर पाय आपला आहे की दुकानातला ते कळू नये. अनिमेषने दोन नियम सांगितले. गळाला फक्त पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. खायचं आमिष लावायचं नाही. खोटा किडा ओठात अडकतो, मासा सोडता येतो. आमिष तो पोटात घेतो, मग सोडूनही जगत नाही.

"हे मला सांगतोस?" ढुंढिराज म्हणाला.

तो किडा छडीने असा फेकायचा की आपणहून पाण्यावर उतरला असं वाटावं. ढुंढिराजाचा पहिला त्याच्याच कानटोपीवर उतरला. दुसरा झाडावर. तिसरा अनिमेषच्या बाहीवर.

"छडी नवीन टाइपची आहे ना, मामा. हो जाएगा."

दुसऱ्या दिवशीही तेच. "बाढ येऊन गेलीये, नदी बदलली असेल," असं म्हणत भाचा झाडावर चढून दोरे सोडवत राहिला. तो हसला असता तर परवडलं असतं. हसणाऱ्याला द्यायची उत्तरं ढुंढिराजाकडे चाळीस वर्षांची शिलकीत होती. सांभाळून घेणाऱ्याला द्यायला एकही नव्हतं.

तिसऱ्या सकाळी अनिमेष वरच्या वळणाकडे गेला. ढुंढिराज एका खडकावर बसला, बायकोचं काम तरी करू म्हणून डबा उघडला. पहिली गोळी पडली आणि खडकाखालून एक ट्राउट आला, अंगावर लाल ठिपके. दुसऱ्या गोळीला आणखी दोन. दहाएक गोळ्यांत ते घाटावरच्या माशांसारखे पायाशी येऊन थांबले. पकडायची छडी शेजारीच पडली होती.

संध्याकाळी परतीची गाडी. परवा बिंदुमाधव विचारणार.

त्याने मागे पाहिलं. एक गोळी पाण्यात भिजवली, मऊ केली, गळावर दाबून बसवली. फेकायचीही गरज नव्हती, नुसती सोडली. पहिल्या माशाने ती तितक्याच विश्वासाने घेतली.

आरडाओरडा ऐकून अनिमेष धावत आला. त्याने आधी फोटो काढला, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलाही. "कमाल आहात मामा." मग हात ओले करून तो मासा सोडवायला बसला. गळ ओठात नव्हता. त्याने चिमटा आत घातला, हळूहळू ओढलं. गळाबरोबर कणकेचा लगदा आला आणि कागदाचा कपटा. शाई पसरली होती, तरी मामीचा वळणदार 'रा' वाचता येत होता.

अनिमेषने खडकावरच्या उघड्या डब्याकडे पाहिलं. प्रवाहाकडे तोंड करून त्याने मासा कितीतरी वेळ पाण्यात धरून ठेवला. हात काढला तेव्हा मासा कुशीवर वळला आणि पांढरं पोट वर करून वाहत गेला.

"चला मामा, थंडी वाढली," एवढंच तो म्हणाला. दिल्लीपर्यंत तो हवेबद्दल बोलत राहिला आणि तिथून पुण्याला गेला.

घरी प्रभावतीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "खाल्ल्या का त्यांनी?"

एरवी इथे निदान चाळीस मासे आले असते, त्यातल्या एकाने हात जोडले असते. ढुंढिराजाने डबा तिच्यापुढे ठेवला. त्यात नव्वदाच्या वर गोळ्या तशाच होत्या. त्या माशानंतर त्याचा हात डब्यात गेलाच नव्हता. त्याने सगळं सांगितलं. कुल्लूचे पंधरा दिवसही सांगितले.

"ते मला ठाऊक होतं," प्रभावती म्हणाली. "तुमच्या मोठ्या साहेबांच्या बायकोने तेव्हाच सांगितलं होतं. मी म्हटलं, बोलू देत. तुमच्या खोट्याने आजवर कुणी मेलं नव्हतं."

तिने डब्याचं झाकण लावलं.

खालून बिंदुमाधवाची हाक आली. "काय गुरू, फोटो गल्लीभर फिरलाय. सगळे बसलेत. उतर, सांग कसा धरलास."

"जा," प्रभावती म्हणाली. "सांगा."

ढुंढिराज खाली गेला. पायरीवर चारपाच जण सरकून बसले, त्याच्यासाठी मधली जागा ठेवलेली. तो बसला नाही.

"मासा मेला, बिंदू," तो म्हणाला.

सगळे हसायच्या तयारीने त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.