फ्रेनेलच्या अंगावरचे जोडे

इलियानच्या अंगणात पाऊल जपूनच टाकावं लागे. हैतीतल्या ओकाप शहरात, बंदरामागच्या गल्लीत तिचं घर होतं आणि अंगणभर गाड्यांच्या चाकांची झाकणं, पोचे आलेल्या थाळ्या, शिवणयंत्रांचे सांगाडे, बाहुल्यांचे हात पसरलेले असत. त्या भंगारातूनच ती लाकडी फळ्यांवर पुतळ्यांसारखी माणसं उभी करायची. असं काम करणारे तिथे पुष्कळ होते, पण इलियानची एक खोड होती. सगळं सामान आधी जमिनीवर मांडायचं आणि आठ-आठ दिवस एकही खिळा ठोकायचा नाही. येता-जाता नुसतं बघायचं. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंचं पटत नसलं, तर ते आपोआप कळतं, असं ती म्हणे.

एका सकाळी समोरची क्लेमांस मावशी एक पोतं ओढत आली. तिचा नवरा फ्रेनेल जोडे शिवायचा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"घे पोरी. याचा माझा नवरा कर."

"मावशी, कुणी सांगितलं म्हणून मी माणूस करत नाही. आणि ओळखीचा चेहरा तर मला जमतच नाही."

"त्याचा एकच फोटो होता, तो पुरात गेला. हल्ली त्याचं नाक कसं होतं तेच मला आठवेनासं झालंय," मावशी म्हणाली आणि पोतं तिथेच टाकून निघून गेली.

पोत्यात चामडं कापायची रापी होती, टोचायची आरी होती, जोड्याला आकार देणारे, घासून गुळगुळीत झालेले लाकडी कलबूत होते, मेणाचा गोळा होता, चुकांची म्हणजे बारीक खिळ्यांची डबी होती. आणि सोळा जोडे. दुरुस्त होऊन पडलेले, कुणी न्यायलाच न आलेले. इलियाननं एकेक उलटा करून पाहिला. नव्या तळव्यांवरचे टाके मोत्यांसारखे एकसारखे होते. दुपारपर्यंत सगळं सामान अंगणात मांडून झालं होतं. नाही म्हटलेलं तिच्या लक्षातही राहिलं नाही.

दहाव्या दिवशी तिनं मावशीला हाक मारली. फळीला टेकून एक ताठ पुरुष बसला होता, डोक्यामागे चकचकीत थाळी.

मावशी पोट धरून हसली. "अगं बाई! हा कोण, बिशप? माझा माणूस उभ्या जन्मात इतका ताठ बसला नाही."

"मग कसा बसायचा?"

"असा." मावशी स्टुलावर बसली, गुडघे जवळ घेतले, मान डावीकडे टाकली. "आणि तोंडात चुका धरलेल्या. काहीही विचारा, नुसतं 'हं'. चाळीस वर्षं मी त्या 'हं'शी संसार केला."

इलियाननं त्याच दिवशी सगळं उकललं. थाळी काढून टाकली. कलबूत आडवा करून तिरकी मान केली, मेणाच्या ओठांत चुकांची रांग बसवली. मग सोळाही जोडे त्याच्या छातीवर, खांद्यांवर, मांडीवर एकेका खिळ्याला टांगले. या वेळी मावशी हसली नाही. स्टूल ओढून त्याच्या समोर बसली.

गल्लीतले लोक बघायला येऊ लागले. तिसऱ्या दिवशी भाजीवाली जिस्लेन डोक्यावरची टोपली सावरत आत आली आणि एकदम ओरडली, "अगं, ही तर माझी चप्पल!"

"तीन वर्षं कुठे होतीस मग?" मावशी कडाडली. "रोज वाट बघायचा तो."

"डोंगराकडे गेले होते ना बहिणीकडे. परत आले तर दुकान बंद." जिस्लेननं चपलेचा नवा तळवा अंगठ्यानं चाचपला. तिच्या पायात फाटक्या रबरी सपाता होत्या. "काय शिवलीय बघ. देशील का, इलियान?"

इलियाननं फळीवर नजर टाकली. छातीचा सगळा तोल त्या लाल चपलांवर होता. त्या निघाल्या की पंधरा दिवसांची मेहनत वाया. तिनं मावशीकडे पाहिलं, तर मावशी जिस्लेनच्या फाटक्या सपाता बघत होती. शेवटी इलियाननंच हात वर करून चपला काढल्या. जिस्लेननं त्या तिथेच पायात घातल्या, दोन पावलं टाकून पाहिली आणि सपाता टोपलीत टाकून निघून गेली.

बातमी गल्लीभर झाली. शनिवारपर्यंत अकरा जोडे गेले. एकानं तर बायकोचा म्हणून भलताच जोडा नेला आणि संध्याकाळी मान खाली घालून परत आणला. रिकाम्या खिळ्यांवर दुसरं काहीतरी लावावं म्हणून इलियान घड्याळाचे काटे, बटणं, शंख धरून बघत होती. काहीच बसेना.

"राहू दे गं," मावशी मागून म्हणाली. "शनिवारी लोक आपापले जोडे घेऊन गेले की त्याच्या दुकानाच्या भिंती अश्शाच दिसायच्या. नुसते खिळे. तो मग हात पुसत बसायचा, खुशीत."

इलियाननं हातातले शंख खाली ठेवले. चार पावलं मागे सरून पाहिलं. फळीवरचा माणूस हलका दिसत होता, काम उरकलेला. तिनं एकही नवा खिळा ठोकला नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर दोघींनी त्याला हातगाडीवर घातलं आणि मावशीच्या घराकडे नेऊ लागल्या. गाडी दगडांवरून खडखडत होती. जिस्लेन दारात वाटाणे सोलत बसली होती, ती उठून उभी राहिली.

"कसं काय, फ्रेनेलदादा?" तिनं विचारलं.

"हं," मावशीनंच उत्तर दिलं, आणि गाडीला जोर लावला.