चष्मेवाल्यांचा भूतकाळ

चष्मेवाल्यांना इंग्रजीची सगळी अक्षरं येत होती. मोठी, बारीक, धूसर, आरशातून उलटी दिसणारी, सगळी. तीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवून ते गिऱ्हाइकांकडून ती वाचून घेत आले होते. पण अक्षरांचे शब्द होतात आणि शब्दांची वाक्यं, या पुढच्या भानगडीत ते कधी पडले नव्हते. तक्त्यावर वाक्य नसतंच मुळी.

गरज पडली ती लेकीमुळे. लेक परदेशात नोकरीला होती. तिथे तिने आपलं आपण लग्न ठरवलं आणि घरी कळवलं, की मुलगा गुणी आहे, तिसऱ्याच एका देशाचा आहे, त्याला वडील नाहीत, आणि त्याची आई तुम्हाला भेटायला येणार आहे. होणाऱ्या विहीणबाईंना यांची भाषा येत नव्हती, यांना त्यांची. बोलायचं तर इंग्रजीतच.

चष्मेवाल्यांच्या बायकोने यावर फारसा विचार केला नाही. ती मोटार चालवायला शिकवायची. दिवसभर दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारी शांत बसणारी बाई ती, तिला कशाची भीती वाटणार? ती म्हणाली, "माझ्या गाडीत कुठल्याही भाषेचा माणूस बसू दे, मी ब्रेक म्हटलं की तो थांबतो. विहीणबाईही थांबतील. तुम्हाला हौस असेल तर तुम्ही शिका."

म्हणून चष्मेवाल्यांनी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांची पद्धत सरळ होती. एका महिन्याला एक काळ. पहिल्या महिन्यात वर्तमान, दुसऱ्यात भूत, तिसऱ्यात भविष्य. चष्मेवाले पहिल्या दिवशी नवी वही घेऊन गेले, वहीवर कव्हर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कांजिण्या आल्या. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी! डॉक्टरांनी तोंड फिरवून हसू दाबलं. पुरा महिना ते अंगाला गुलाबी औषध फासून खिडकीत बसून राहिले.

वर्गात परतले तेव्हा वर्तमानकाळ होऊन गेला होता. बाई म्हणाल्या, मागे राहिलं ते पुढच्या तुकडीबरोबर भरून काढा, आता भूतकाळात या. आणि त्यांनी वर्गाचा नियमही सांगितला. जे शिकवलेलं नाही ते बोलायचं नाही. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. पण शिकलेलं असेल ते मात्र बेधडक बोलायचं.

चष्मेवाले नियमाचे पक्के. त्यांनी भूतकाळ घोटून घोटून पाठ केला. वॉज, वेअर, वेंट, केम, सॉ. दुकानात काचा घासताना त्यांचे ओठ हलत असत. रात्री जेवण झालं की ते ताटावरून उठत म्हणायचे, "आय एट." बायको म्हणायची, "मग ताट उचला."

आणि विहीणबाई आल्या त्या नेमक्या दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस.

खरं तर ठरलं होतं असं, की लेक आणि होणारा जावई आधी येतील आणि दुभाष्याचं काम करतील. पण त्यांच्याकडे धुकं पडलं, विमान रद्द झालं, आणि ती दोघं दुसऱ्या दिवशी सकाळी येणार असा निरोप आला. विहीणबाईंचं विमान मात्र वेळेवर निघालं होतं. बायकोच्या पाच विद्यार्थ्यांची त्याच दिवशी लायसन्सची परीक्षा होती. ती सकाळी सातलाच त्यांना गाडीत कोंबून सरकारी कचेरीत गेली. जाताना म्हणाली, "अहो, सूप करून ठेवलंय, गरम करा. आणि बोलत राहा. पाहुण्यांना अवघडल्यासारखं वाटायला नको."

चष्मेवाले टॅक्सी करून विमानतळावर गेले. विहीणबाई उंच, धिप्पाड, डोळ्यांत पटकन पाणी येणाऱ्या बाई होत्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले होते, आणि तेव्हापासून दुसऱ्याचं दुःख त्यांना लांबून कळायचं. इंग्रजी त्या सावकाश आणि स्वच्छ बोलत. टॅक्सीत बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, तुमच्या पत्नी कुठे आहेत?

प्रश्न चष्मेवाल्यांना कळला. उत्तर देताना त्यांनी आधी मनात क्रियापद शोधलं, मग छाती पुढे काढून सांगितलं, "माय वाइफ वॉज अ ड्रायव्हिंग टीचर."

विहीणबाई दचकल्या. वॉज?

"वॉज," चष्मेवाल्यांनी मान डोलावली. क्रियापद बरोबर आल्याचा त्यांना आनंद झाला होता. बायकोचं आणखी कौतुक करावं म्हणून ते म्हणाले, "शी वॉज व्हेरी स्ट्राँग. शी ड्रोव्ह फास्ट."

विहीणबाईंनी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला आणि कधी, असं विचारलं.

"टुडे. शी लेफ्ट ॲट सेव्हन." आणि मग, माहिती पुरी असावी म्हणून, "फाइव्ह स्टुडंट्स वेंट विथ हर."

विहीणबाईंनी दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. सकाळी सातला बायको गेली, बरोबर पाच विद्यार्थी गेले, आणि हा माणूस अकरा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून आपल्याला घ्यायला आला आहे. त्या कशाबशा म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी."

सॉरी म्हणजे माफी, हे चष्मेवाल्यांना ठाऊक होतं. माफी कशाची, ते कळेना. कदाचित त्यांची बॅग पायाला लागली म्हणून असेल. त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, "इट वॉज नथिंग."

यानंतर विहीणबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. प्रवासाचा शीण, असं चष्मेवाल्यांनी धरलं. मधेच त्यांनी विचारलं, किती वर्षं झाली होती लग्नाला? चष्मेवाले म्हणाले, "थर्टी इयर्स. वी वेअर हॅपी." तेव्हा टॅक्सीवाल्यालाही आरशातून मागे बघावंसं वाटलं.

घरी आल्यावर दिवाणखान्यात बायकोचा मोठा फोटो होता. शंभरावा विद्यार्थी पास झाला तेव्हा काढलेला. गाडीच्या बॉनेटला टेकून, हाताची घडी घालून ती उभी. विहीणबाई त्याच्यासमोर थांबल्या, डोळे पुसले. चष्मेवाल्यांना भरून आलं. एवढ्या लांबून आलेली बाई आपल्या बायकोच्या फोटोपुढे हळवी होते, याहून चांगलं सासर लेकीला कुठलं मिळणार?

विहीणबाईंनी खुणेनेच विचारलं, आता कुठे आहेत त्या? चष्मेवाले म्हणाले, सरकारी कचेरीत होती. "ऑफिसर्स सॉ द कार. ऑफिसर्स सॉ द पेपर्स." मग ते सूप गरम करायला आत गेले.

विहीणबाईंच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, ते पुढे कळलं. त्या मुलाला फोन करणार होत्या. पण फोन हातात घेऊन त्यांनी परत ठेवला. पोरीला आज रात्री तरी सुखाने झोपू दे, उद्या आपण तिला जवळ घेऊन सांगू, असं त्यांनी ठरवलं. तोवर या भल्या माणसाला सांभाळायचं. त्या गुपचूप जिना उतरल्या, कोपऱ्यावरच्या फुलांच्या दुकानात गेल्या आणि गाडीच्या चाकाएवढं पांढऱ्या फुलांचं चक्र घेऊन वर आल्या.

चष्मेवाल्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. असली भेट त्यांना जन्मात मिळाली नव्हती. ते कुठे ठेवावं, याचा त्यांनी क्षणभर विचार केला, मग जेवणाच्या टेबलावर मधोमध आडवं ठेवलं. मधे भोक मोकळं दिसत होतं, तिथे त्यांनी मीठदाणी ठेवली. ती बरोबर बसली.

विहीणबाई ते पाहत होत्या. धक्का माणसाच्या डोक्यावर कसा परिणाम करतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी चष्मेवाल्यांच्या हातातून पळी काढून घेतली, त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याखाली रुमाल लावला आणि चमच्याने सूप भरवायला सुरुवात केली.

हे मात्र चष्मेवाल्यांना अंमळ जास्त वाटलं. पण त्यांच्या देशाची रीत असेल, आणि व्याह्यांमध्ये पहिल्याच दिवशी मोडता कशाला घाला, म्हणून ते आ करत राहिले. नको म्हणायचं तरी कसं? नको हे वर्तमानकाळात येत होतं.

साडेचारला खाली हॉर्न वाजला. पाचच्या पाच विद्यार्थी पास झाले होते आणि बायको खुशीत होती. ती किल्लीने दार उघडून आत आली. बघते तो नवरा गळ्यात रुमाल बांधून बसलेला, टेबलावर पुष्पचक्र, त्यात मीठ, आणि एक अनोळखी बाई त्याच्या तोंडाशी केकचा तुकडा धरून उभी.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

विहीणबाईंनी वळून पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग परत दाराकडे. त्यांच्या हातातली बशी खाली पडली, आणि पाठोपाठ त्याही टेबलाचा पाय धरून खाली बसल्या. श्वास भराभर, डोळे पांढरे.

घाबरलेला माणूस बायकोला नवा नव्हता. चौकात गाडी बंद पडली, मागून ट्रक हॉर्न देतोय, अशा वेळी शिकाऊ माणसाचा चेहरा असाच होतो. ती शेजारी फरशीवर बसली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ब्रेक." विहीणबाई थांबल्या. "न्यूट्रल." विहीणबाईंनी खांदे सैल सोडले. "आता हळू, अगदी हळू," असं म्हणत तिने त्यांच्या पाठीवर हात फिरवला, तसा श्वास ताळ्यावर आला.

मग तिने नवऱ्याकडे मान वळवली. "तुम्ही यांना माझ्याबद्दल काय सांगितलंत?"

चष्मेवाल्यांनी एकेक वाक्य सांगितलं, अर्थासकट. होती. फार खंबीर होती. वेगात चालवायची. सातला गेली. पाच जण तिच्याबरोबर गेले. आम्ही सुखी होतो. आपल्याच तोंडून ते आपल्याच भाषेत ऐकताना तिसऱ्या वाक्यापासून त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"अहो, मारलंत की मला," बायको म्हणाली. "मग आता जिवंत करा."

चष्मेवाल्यांनी वर्गाच्या बाईंना फोन लावला आणि म्हणाले, बाई, मला वर्तमानकाळातलं एक वाक्य हवंय, ताबडतोब. सगळा प्रकार ऐकून बाईंनी घसा साफ केला.

"माय वाइफ इज अलाइव्ह. म्हणा."

"पण बाई, हा धडा माझा झालेला नाही."

"एका वाक्यापुरती परवानगी देते. इज. वॉज नव्हे."

चष्मेवाल्यांनी फोन कानाला तसाच धरून विहीणबाईंपुढे गुडघे टेकले आणि एकेक शब्द सुटा उच्चारला. माय. वाइफ. इज. अलाइव्ह. विहीणबाईंनी बायकोचा गाल चाचपून पाहिला. गरम होता. मग त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, आणि ते पाच विद्यार्थी?

"बाई, अनेकवचन," चष्मेवाले फोनमध्ये कुजबुजले.

"आर," बाई म्हणाल्या.

"द स्टुडंट्स आर अलाइव्ह," चष्मेवाल्यांनी जाहीर केलं.

त्याबरोबर विहीणबाईंना हसू फुटलं. धिप्पाड बाई, हसूही तसंच. बायकोला शब्द एकही कळला नव्हता, पण हसणं कळलं, आणि त्या दोघी तिथेच फरशीवर एकमेकींना धरून इतक्या हसल्या, की खालच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून बघायला आले. त्यांनी दारातून पुष्पचक्र पाहिलं आणि चेहरे गंभीर करून परत गेले. पुढचे दोन दिवस जिन्यात भेटणारा प्रत्येक जण चष्मेवाल्यांचा हात हातात घेऊन काही न बोलता दाबत होता.

सकाळी लेक-जावई आले, तेव्हा त्यांना दुभाष्याचं काम उरलेलं नव्हतं. बायको विहीणबाईंना मैदानात गाडी शिकवायला घेऊन गेली होती. त्या पहिल्या दिवशी खुणेसाठी ठेवलेल्या दोन कुंड्यांवर गेल्या, तिसऱ्या दिवशी एकीवरच. लग्नाची तारीख दोघींनी कॅलेंडरवर बोट ठेवून ठरवली आणि चष्मेवाल्यांना नंतर कळवली.

विहीणबाई परत गेल्यावर बायकोने वाचनालयाची पायरी चढली आणि पुढच्या तुकडीत दोन नावं घातली. नवऱ्याच्या व्याकरणावर आपला जीव सोपवून राहायची तिची तयारी नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिचं आणि बाईंचं जुंपलं. पूर्णविरामापाशी पुरतं थांबायचं असेल तर स्वल्पविरामाला नुसता वेग कमी करायचा, हा मुद्दा तिने उभं राहून मांडला. बाईंना तो पटला, पण असं मधेच उठून सांगणं पटलं नाही. शेजारी बसलेले चष्मेवाले तिला हळू आवाजात समजावू लागले, ती त्यांना मोठ्या आवाजात समजावू लागली. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी दोघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं. वर्गात फार बोलतात, आणि त्यातलं एक अक्षरही इंग्रजीत नसतं, ही त्यांची तक्रार होती.