डावा कान

गालगुंड पोरासोरांना होतं म्हणतात. मला ते सतराव्या वर्षी झालं, लग्नाला वर्षही नव्हतं तेव्हा. पारोळ्याजवळ आमचं गाव. मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. ताप गेला, गालांची सूज उतरली, आणि एका सकाळी उठले तर घरच फिरायला लागलं. खांब धरला, तोही फिरतोय. भडाभडा ओकले. डाव्या कानात जात्यासारखी घरघर, बाकी त्या कानाला काही ऐकू येईना.

सासूबाईंनी ओकारी तेवढी पाहिली. तापानं त्या महिन्याची पाळी चुकली होती. झालं, गल्लीभर गूळ वाटला.

"आत्याबाई, मना कान बिघडना शे," मी सासूबाईंना सांगितलं.

"पहिलटकरीनले असंच व्हस," त्या हसून म्हणाल्या.

शेजारची भागाबाई रोज चिंचा आणून द्यायची. कानाकडे बघायला कुणाला सवड नाही, चिंचा मात्र ढीगभर. अस्सा संताप यायचा! पूर्वी मी डोक्यावर दोन हंडे हात न लावता आणायची. आता अंगणात चालतानाही डावीकडे कलंडत होते. एकदा तर ओट्यावरून खाली पडले.

माझ्या धन्यानं, हिलालनं, धुळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला गाडी जुंपली. सासूबाई आडव्या आल्या. "गाडीना हादरा बसतीन, हिलाल." त्यानं बैल सोडले.

पुढे मला कावळा शिवला. वाटलं, सुटले, आता तरी खरं मानतील. पण सासूबाई पदर तोंडाला लावून रडायला बसल्या. भागाबाई म्हणाली, "ओट्यावरथीन पडनी, तव्हाच गयं."

"नव्हतंच काही," मी ओरडून सांगितलं. नसलेल्या पोराचा शोक घरानं केला आणि ते घालवल्याचा दोष माझ्या माथी मारला. धन्याला म्हटलं, आता तरी धुळ्याला न्या. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आते काय दाखाडनं डाक्तरले?"

दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी दोन्ही हंडे माझ्यापुढे ठेवले.

"आत्याबाई, माले अजून गरगरस. हिरीवर मी पडसू."

त्यांनी चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली. "आते पडनी तरी काय जास?"

मी एका हातानं भिंत धरत निघाले. भिंत विहिरीच्या बरीच अलीकडे संपत होती.